स्वस्त मजूर : पिळवणूक की संधी? बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यातला हिशेब मांडा

तिसरं गेट

परदेशी ऑर्डर आली की उद्यमबागेपासून हत्तरगीच्या एसईझेडपर्यंत (विशेष आर्थिक क्षेत्रापर्यंत) एकच वाक्य ऐकू येतं, "आपल्याकडे लेबर स्वस्त आहे म्हणून काम येतं." त्यावर दोन ठरलेली भाषणं असतात. एक म्हणतं, ही पिळवणूक आहे. दुसरं म्हणतं, हे काम नसतं तर पोरं उपाशी मेली असती. दोन्ही ऐकून कान किटले.

या धाग्यात भाषण नको, हिशेब हवा. मजुरी कशावर ठरते? दिवसावर, किलोवर, टनावर, नगावर की मीटरवर? मधे कोण किती कापतं? माल बिघडला, वीज गेली, पाऊस आला तर नुकसान कुणाच्या अंगावर पडतं? ज्याला ज्या धंद्याची माहिती आहे त्याने त्यावरच लिहावं. सीमाप्रश्न इथे आणू नये, त्याचे धागे भरपूर आहेत.

कोअर बॉक्स

फाउंड्रीपासून सुरुवात करतो. उद्यमबाग, मच्छे, नावगे इथल्या जॉबिंग फाउंड्रीत (गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीप्रमाणे लोखंडाचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यात) कामाची साखळी अशी : वाळू तयार करणे, कोअर (पोकळीसाठीचा वाळूचा गाभा), मोल्डिंग (साचा ठोकणे), ओतकाम, नॉकआउट (माल साच्यातून झाडून काढणे), रनर-रायझर (ओतकामाचे जादा तुकडे) तोडणे, शॉट ब्लास्ट (छऱ्यांच्या माऱ्याने साफ करणे), फेटलिंग (कडा घासून साफ करणे), तपासणी. फर्नेसवाला आणि पॅटर्नवाला बहुधा कंपनीच्या पटावर असतो. नॉकआउट आणि फेटलिंग ठेक्यावर जातं. कारण उघड आहे, सगळ्यात घाण आणि सगळ्यात धुळीचं काम तेच.

फेटलिंगचा दर किलोवर असतो. हिशेबापुरता किलोला २ रुपये धरा. दिवसाला २ टन माल म्हणजे ४,००० रुपये. त्यातले ८०० ठेकेदाराने ठेवले तर उरलेले ३,२०० पाच जणांत, म्हणजे माणशी ६४०. कागदावर बरं दिसतं. पण माल कमी आला, ग्राइंडरची चाकं संपली, कंप्रेसर बंद पडला तर तो दिवस ३०० वरही येतो, आणि ती तूट कंपनीची नसते.

आता दुसरी बाजू. कास्टिंग १०० रुपये किलोने जातं असं धरा. इंडक्शन फर्नेसला लोखंड वितळवायला टनाला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. ८ रुपयांनी धरली तर किलोला पावणेपाच रुपये नुसते वितळवण्याचे. फेटलिंगचा दर दुप्पट केला तरी मालाची किंमत २ टक्क्यांनीच वाढते. मग तो दुप्पट का होत नाही? कारण लोखंडाचा, विजेचा आणि बेंटोनाइटचा (साच्याची वाळू धरून ठेवणाऱ्या मातीचा) भाव बाहेर ठरतो. हा एकच आकडा असा आहे की जो मालकाला दाबता येतो.

पण माझ्या मते खरी पिळवणूक दरात नाही, धुळीत आहे. शेडमधला डस्ट कलेक्टर १५ किलोवॅटचा धरा. आठ तासांना १२० युनिट, ९६० रुपये. २ टनांवर वाटले तर किलोला ४८ पैसे. हे ४८ पैसे वाचवायला तो बंद ठेवतात आणि फॅक्टरी इन्स्पेक्टर यायच्या दिवशी चालू करतात. सिलिकाच्या धुळीची मर्यादा काढायचं सूत्र जुन्या कारखाने कायद्यात होतं : १० भागिले (क्वार्ट्झचे टक्के अधिक २). श्वासात जाणाऱ्या धुळीत ४० टक्के क्वार्ट्झ असेल तर घनमीटरला ०.२४ मिलिग्रॅम. कोरडी वाळू हवेच्या पायपाने उडवत साफ केली की ती मर्यादा काही मिनिटांत पार होते. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, फुप्फुसात जाणारा कण रुमालाच्या विणीतून आरामात जातो. या धुळीने होणारा सिलिकोसिस हा कायद्याने नोंदवायलाच हवा असा फुप्फुसाचा आजार आहे. पण ठेक्याचा माणूस दर सहा महिन्यांनी शेड बदलतो. मग त्याचा आजार नोंदवायचा कुणाच्या नावावर?

तिसरं गेट

रिजेक्शनचं काय करतात? मोल्डरच्या (साचा बनवणाऱ्याच्या) नगातून कापतात असं ऐकतो.

कोअर बॉक्स

कापतात, आणि तिथेच गोम आहे. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओल्या वाळूत) ओल ३ ते ४ टक्के हवी. वर गेली की वाफ अडकून ब्लोहोल (मालात पोकळ्या) येतात, खाली गेली की साचा ढासळतो आणि मालात वाळू शिरते. ओतताना धातू १३५० अंशांच्या खाली उतरला तर पातळ भाग भरत नाही, कोल्ड शट येतो. आता बघा : ओल सँड लॅबवाला मोजणार, तापमान फर्नेसवाला बघणार, लॅडल (ओतायचं भांडं) किती वेळ थांबला ते क्रेनवर अवलंबून. मोल्डरच्या हातात फक्त ठोकणी. तरी रिजेक्ट झालेला नग त्याच्या मोजणीतून जातो. ज्याच्या हातात कारण नाही त्याच्याकडून दंड घ्यायचा, याला मी पिळवणूक म्हणतो. भले दिवसाचे ८०० मिळोत.

चांगल्या शेडमध्ये दोष पाहून वाटणी करतात : साचा फुटला तर मोल्डर, ब्लोहोल असेल तर वाळू विभाग, कोल्ड शट असेल तर फर्नेस. करायला काही अवघड नाही. दोषांचा एक तक्ता आणि रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं लागतात.

हिशेबनीस

कागदाची बाजू मी मांडतो. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता मिळून १४,००० धरू. (कर्नाटकात किमान वेतनाचा महागाई भत्ता दर १ एप्रिलला बदलतो आणि उद्योगानुसार, परिमंडळानुसार आकडा वेगळा, तेव्हा हा फक्त नमुना.)

कामगाराच्या हाती : पीएफ १२ टक्के म्हणजे १,६८० गेले, ईएसआय (कामगार आरोग्य विमा) पाऊण टक्का म्हणजे १०५ गेले. उरले १२,२१५.

मालकाला पडतात : १४,००० वर पीएफ प्रशासन खर्चासह १३ टक्के म्हणजे १,८२०, ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ४५५, बोनस किमान ८.३३ टक्के म्हणजे १,१६६, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के म्हणजे ६७३. एकूण १८,११४. रजेचा पगार अजून वेगळा.

हातातले १२,२१५ आणि मालकाचे १८,११४ यांच्या मधल्या ५,८९९ रुपयांत ठेकेदारीचा सगळा धंदा चालतो. रीती तीन. पहिली, पीएफचे दोन्ही हिस्से कामगाराच्या पगारातून कापायचे. दुसरी, २६ दिवस काम, कागदावर १५ दिवस, बाकीचे पैसे रोख किंवा "भत्ता" नावाने. पीएफ, ईएसआय, बोनस सगळं त्या १५ दिवसांवर येतं. तिसरी सगळ्यात मोठी : ओव्हरटाइम सिंगल.

तिसरीचा हिशेब करा. १४,००० भागिले २६ भागिले ८, म्हणजे तासाला ६७ रुपये ३० पैसे. कायद्याने जादा तासाला दुप्पट. रोज बारा तास काम असेल तर चार जादा तासांचे ५३८ व्हायला हवेत, मिळतात २६९. २६ दिवसांत ७,००० रुपयांचा फरक, म्हणजे पगाराच्या निम्मा! किमान वेतन दिलं म्हणून छाती फुगवणाऱ्याने हा आकडा एकदा पाहावा.

शिवाय कर्नाटकाच्या कारखाने कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने दिवसाचे बारा तास चालू लागले खरे, पण आठवड्याचे ४८ च. जादा तासांची तिमाहीची मर्यादा ७५ वरून जवळपास दुप्पट केली. रोज चार तासांनी ती साधारण ३६ दिवसांत संपते. उरलेली तिमाही रजिस्टरमध्ये काय लिहितात हे सांगायला नको.

धामणे रोड

वरचं सगळं पगाराचं. आमच्याकडे वडगाव, खासबाग, शहापूरच्या मागांवर पगार हा शब्दच नाही, मजुरी आहे. व्यापारी बीम (उभं सूत गुंडाळलेला रूळ) आणि आडवं सूत देतो, साडी विणून द्यायची, नगावर पैसे. साडीत डिझाइन, जरी, जॅकार्डचे हुक बदलतात म्हणून हिशेब फिरतो. समजायला सोपा म्हणून इचलकरंजीच्या साध्या कापडाचा घेतो.

५२ पिकांचं कापड, म्हणजे इंचाला ५२ आडवे धागे. एका मीटरमध्ये ३९.३७ इंच, म्हणजे २,०४७ पिकं. साधा धोट्याचा माग मिनिटाला १२० पिकं मारतो. न थांबता चालला तर मीटरला १७ मिनिटं. पण थांबतोच : कांडी संपते, उभा धागा तुटतो, लाइट जाते. ७५ टक्के चालला तर मीटरला पावणेतेवीस मिनिटं. बारा तासांत एका मागावर ३१-३२ मीटर, आठ मागांवर साधारण २५३ मीटर. मीटरला सव्वा रुपया धरला तर ३१६ रुपये.

आता सूत हलकं आलं, धागा जास्त तुटायला लागला, माग ६० टक्क्यांवर आला. मीटर २०२ झाले, मजुरी २५३. ६३ रुपये गेले. सूत कुणी घेतलं? व्यापाऱ्याने. स्वस्त पडतं म्हणून घेतलं. त्याचे किलोमागे वाचलेले पैसे कारागिराच्या ६३ रुपयांतून आले. वर कापडात दोष दिसला की कपात वेगळी.

आणि गंमत बघा की, वडगावात अर्ध्या घरांत मालक आणि कारागीर एकच माणूस. दोन-चार माग घरातच, बायको कांड्या भरते, म्हातारा जोडणी करतो. त्यांच्या तासांची नोंद कुठेच नाही. किमान वेतनाचा दावा कुणावर लावणार, स्वतःवर? दहा अश्वशक्तीपर्यंतच्या मागांना राज्य सरकारची वीज सवलत आहे, ती चांगलीच. पण सगळ्यांना एकदम मिळाली की व्यापारी मजुरी ठरवताना ती गृहीत धरतो. सुरतेच्या साडीशी टक्कर आहे म्हणतो. तेही खोटं नाही.

हिशेबनीस

धामणे रोड यांच्या शेवटच्या मुद्द्याशी सहमत. सवलत ज्याच्या नावावर येते त्याच्याच खिशात राहते असं नाही. ज्याच्याकडे दुसरा पर्याय असतो त्याच्या खिशात ती जाते.

फक्त वाचतो

इतके दिवस वाचनमात्र होतो, पण चर्चा एकाच बाजूला कलते आहे म्हणून लिहितो.

कमी मजुरी हीच गरीब देशाची शिडी राहिली आहे, हे विसरू नका. बांगलादेशात कपड्याचे कारखाने ज्या गावांजवळ आले तिथल्या मुली जास्त वर्षं शाळेत राहिल्या आणि त्यांची लग्नं उशिरा झाली, असं संशोधनात दिसलं आहे. कारण हिशेब येणाऱ्या मुलीला नोकरी मिळत होती. तीच नोकरी काढून घ्या, मुलगी परत शेतावर किंवा चुलीशी.

दुसरं, मजुरी वाढवली की कारखाने पळतात हेही सरसकट खरं नाही. इंडोनेशियात १९९० च्या दशकात बूट आणि कपड्यांच्या कारखान्यांविरुद्ध मोहीम झाली. तिथे वेतन वाढलं, काही लहान कारखाने बंद पडले, पण एकूण रोजगारात मोठी घट दिसली नाही. का, ते शर्टाच्या हिशेबाने बघा. वरचेच १८,११४ घ्या. २६ दिवस, ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला १ रुपया ४५ पैसे. लाइनची कार्यक्षमता ५० टक्के असेल तर शिलाईचं एक प्रमाणित मिनिट २ रुपये ९० पैशांना पडतं. फॉर्मल शर्टाला २२ मिनिटं धरली तर ६४ रुपये. पगार २० टक्के वाढवला तर शर्टामागे १३ रुपये वाढतात. पण कार्यक्षमता ५० वरून ६० वर नेली तर ती वाढ पूर्ण भरून निघते. कॉलर जोडणीवर गठ्ठे साचलेत आणि बटणवाला रिकामा बसलाय, ही लाइन नीट लावली तरी दहा टक्के सुटतात. ते सुपरवायझरचं काम आहे, मशीनवरच्या बाईचं नाही.

तिसरं तुमच्या बाजूचं. इथिओपियात पाच कंपन्यांच्या नोकऱ्या अर्जदारांना चिठ्ठ्या टाकून दिल्या आणि पुढे पाहणी केली. एक तृतीयांश लोकांनी पहिल्याच महिन्यात काम सोडलं, वर्षाअखेर तीन चतुर्थांशाहून जास्त. पगार बाहेरच्या फुटकळ कामांपेक्षा जास्त नव्हता आणि तब्येतीचे त्रास वाढले होते. म्हणजे "कारखाना आला की भलं झालं" हेही आपोआप होत नाही.

टायरगाडी

सोडून जाता आलं हे त्यांचं नशीब म्हणा. ऊसतोडीत तेच जमत नाही. लिहितो.

सीमाभागातल्या कारखान्यांना बीड, विजयपूर, बल्लारीकडच्या टोळ्या येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. दोघं मिळून एक, हे आधी लक्षात घ्या. बायकोची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही. मुकादम पावसाळ्यात उचल देतो, टोळी दिवाळीच्या आसपास येते, मार्च-एप्रिलला पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो.

महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ चा ३६६ झाला. तो दर धरून हिशेब करा. उचल १ लाख. डोकी सेंटरला (मोळ्या डोक्यावरून गाडीत भरण्याच्या पद्धतीत) एक कोयता दिवसाला २ टन तोडतो असं धरा. १२० दिवस पडले तर २४० टन, मजुरी ८७,८४०. म्हणजे सगळा हंगाम राबून १२,१६० रुपये अंगावरच. खाणं-पिणं, औषध, पोराचा ताप हे हंगामात परत उचलूनच. बाकी पुढच्या वर्षावर आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. अडीच टन निघाला तर ३०० टन, १,०९,८०० आणि माणूस जेमतेम सुटतो. तेव्हा रोज अर्धा टन जास्त निघतो की नाही, यावर माणूस मोकळा की बांधलेला हे ठरतं. तो अर्धा टन कशाने जातो? पडलेला ऊस, रानात पाणी, गाडी वेळेवर न येणं, कारखान्याच्या गव्हाणीत नंबर लागून सोळा-सोळा तास थांबणं. यातलं एकही त्याच्या हातात नाही. थांबल्या वेळेचे पैसे शून्य.

बाईला पाळीत सुट्टी घेतली तर खाडा कोयत्याचा पडतो, म्हणून सुट्टी नाही. बीडच्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारला समिती नेमावी लागली, ती याच गणितातून आली.

उचल फिटेपर्यंत जायचं नाही असं बंधन घातलं तर १९७६ च्या वेठबिगार कायद्यात ते सरळ बसतं. पण तक्रार करणार कोण? टोळीचा मुकादम बहुतेक वेळा भावकीतलाच असतो.

मार्कंडेय काठ

शेतकऱ्याची बाजूही लिहा की. तोडणी-वाहतूक आमच्या बिलातूनच जाते. वर टोळीची खुशाली, ड्रायव्हरची एंट्री असे वरकड पैसे द्यावे लागतात. नाही दिली तर ऊस वाळतो, वजन घटतं. आणि मुकादम दोन्ही राज्यांतल्या वाहतूकदारांकडून उचल घेऊन तिसरीकडेच जातात, त्यात ट्रॅक्टरवाले लाखोंनी बुडालेत. पिळवणूक म्हणताना कोण कुणाला पिळतंय ते एकदा ठरवा.

टायरगाडी

बरोबर आहे, वाहतूकदार बुडतात. पण बुडवतो मुकादम, आणि वसुलीला लोक जातात ते टोळीच्या झोपडीवर. खुशाली चूकच. पण ती येते कुठून तेही बघा : टनाच्या दरात थांबल्या तासांचे पैसे नाहीत, म्हणून ते शेतकऱ्याकडून काढले जातात. गुर्लापूर क्रॉसला नोव्हेंबर २०२५ मध्ये ऊसदराचं आंदोलन झालं, टनाला ३,३०० वर मिटलं. तोडणाऱ्याचा टनाचा दर अशा मांडवात बसतच नाही. तो आणि तुम्ही एकाच फडात उभे असता, तरी.

हार्वेस्टर आला की प्रश्न मिटेल म्हणणाऱ्यांसाठी : चार-साडेचार फुटांची सरी हवी, लांब रान हवं, पाचटाची वजावट सोसायला हवी. आपल्याकडच्या वीस गुंठ्यांच्या तुकड्यात मशीन वळतही नाही.

निपाणीकर

निपाणीचं नाव अजून कसं आलं नाही? १९८१ चं तंबाखू आंदोलन सगळ्यांना ठाऊक, ते शेतकऱ्यांचं. वखारीतल्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांचा हिशेब मात्र कुणी विचारत नाही.

दर हजारावर. कारखाना किंवा ठेकेदार पान, तंबाखू, दोरा तोलून देतो. पान रात्री भिजवायचं, ओल्या फडक्यात ठेवायचं, पत्र्याच्या साच्याने कापायचं, जाड शीर काढायची, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा, पंचवीसचे कट्टे करायचे. सराईत बाई दिवसभरात आठशे-हजार वळते, तेही पान आधी कापून ठेवलेलं असेल तर. पान कापण्याचे दोन-तीन तास दरात धरलेले नसतात.

गळती दोन ठिकाणी. एक, पान. तेंदूचं पान जुनं, भोकाचं किंवा जास्त वाळलेलं आलं की कापताना फुटतं. दिलेल्या पानात हजार भरत नाहीत, कमी पडलेलं पान बाई पदरच्या पैशाने विकत घेते. दोन, छाट. विडी सैल आहे, तोंड नीट नाही म्हणून बाजूला काढायच्या, पैसे द्यायचे नाहीत आणि छाटलेल्या विड्या परतही द्यायच्या नाहीत. मग त्या विड्या जातात कुठे, हे ज्याने त्याने ओळखावं.

आणि लॉगबुक, म्हणजे कामाची नोंदवही. घरात सासू, सून, मुलगी तिघी वळतात, लॉगबुक एकीच्या नावावर. पीएफ एकीचा, पेन्शन एकीची. जीएसटी आला तेव्हा २०१७ मध्ये विडी कामगार कल्याणाचा उपकर गेला. त्या उपकरातून दवाखाने आणि पोरांच्या शिष्यवृत्त्या चालत होत्या. कर गोळा होतच राहिला, फक्त त्यावर बाईचं नाव उरलं नाही.

तरी वळतात, कारण घर सोडावं लागत नाही. याला संधी म्हणायचं असेल तर म्हणा.

खानापूरकर

"फक्त वाचतो" आणि "टायरगाडी" दोघांचं एकत्र केलं तर उत्तर निघतं असं वाटतं. आमच्या तालुक्यातली आणि चंदगडची पोरं चोर्ला घाटाने गोव्याला जातात. गोव्यात रोज जास्त, म्हणून इथल्या वीटभट्टीवर आणि शेडमध्ये गडी मिळेना. मग मालकांनी ओडिशा, झारखंड, बिहारकडून माणसं आणली. "स्थानिक पोरांना काम नको" हे त्याचं अर्धवट वर्णन झालं. स्थानिक पोरांना *त्या दरात, त्या शेडमध्ये* काम नको, कारण त्यांच्याकडे घाट आहे. ओडिशाच्या माणसाला शेडच्याच खोलीत झोपायचं असतं, ठेकेदाराकडे आधार कार्ड असतं आणि परतीचं तिकीट त्याच्याच हातात. दर दोघांना एकच सांगितला तरी एक नाही म्हणू शकतो, दुसरा नाही.

थोडी कामाची माहिती, कारण लोक गोंधळतात. चंदगडचा माणूस मच्छेत काम करतो तर किमान वेतन कर्नाटकाचं, कामाच्या जागेचं. यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) देशभर एकच, गोव्यातून बेळगावला आला तर नवा काढू देऊ नका, जुनाच जोडा. ईएसआयचं कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, घरच्यांना गावाकडच्या दवाखान्यात उपचार मिळतात. आणि आधार कार्डाची मूळ प्रत ठेवून घ्यायचा अधिकार कुठल्याच ठेकेदाराला नाही.

लॅडल

माझी लहान फाउंड्री आहे, एवढंच सांगतो, बाकी मुद्द्याचं बोलतो.

मोठा गिऱ्हाईक पिग आयर्न आणि स्क्रॅपचा भाव तिमाहीला बदलून देतो. विजेचा कधी देतो, कधी नाही. मजुरीचा कधीच नाही. वरून दरवर्षी किंमत दोन-तीन टक्के कमी करा म्हणतो. पैसे ९०-१०० दिवसांनी. एमएसएमई (लघुउद्योगांच्या) कायद्याने ४५ दिवसांत द्यायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण व्याज मागितलं की पुढची ऑर्डर कोल्हापूरजवळच्या शिरोलीला. आयकर कायद्यात कलम ४३ बी (एच), म्हणजे मुदतीत न दिलेल्या बिलाची करात वजावट नाही, हे आल्यावर मार्चअखेरीस पैसे थोडे लवकर सुटायला लागले, हे खरं.

डस्ट कलेक्टरचे ४८ पैसे कोअर बॉक्स यांनी बरोबर काढले. माझ्याकडे चालू असतो. शेजारच्याकडे नसतो, आणि कोटेशनमध्ये तो माझ्यापेक्षा ४८ पैशांनी खाली असतो. गिऱ्हाइकाचा ऑडिटवाला येतो, हेल्मेट मोजतो, चहा घेऊन जातो.

कोअर बॉक्स

लॅडल, हा मुद्दा महत्त्वाचा. ४८ पैसे एकट्याने सोसायचे तर तुम्ही हरणार, सगळ्यांनी सोसायचे तर कुणीच हरत नाही. बांगलादेशात कपड्याच्या कारखान्यांच्या राना प्लाझा इमारतीचं तेच झालं. २४ एप्रिल २०१३ ला इमारत पडून १,१३४ माणसं गेली, तोवर "आम्ही सुरक्षिततेवर खर्च केला तर ऑर्डर जाईल" असंच प्रत्येक जण म्हणत होता. नंतर मोठ्या ब्रँडना बांधील करार करावा लागला, कारखान्यांची तपासणी सगळ्यांना एकदम लागू झाली. ऑर्डरी काही गेल्या नाहीत. मात्र पगाराची रड सुरूच आहे. किमान वेतन ५,३०० टका होतं, २०१८ ला ८,००० झालं, डिसेंबर २०२३ पासून १२,५००, तेव्हा संघटना २३,००० मागत होत्या.

फक्त वाचतो

म्हणजे मजुरी कमी असणं आणि मजूर नागवला जाणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे तरी मान्य?

टायरगाडी

मान्य, पण किमान वेतनाच्या खाली गेलं की दोन्ही एकच. सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलंय : किमान वेतनापेक्षा कमीवर राबवणं म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमातली सक्तीची मजुरी. तो माणूस स्वतःच्या पायाने आला होता, हे उत्तर तिथे चाललं नाही. भूक हीसुद्धा सक्तीच.

तिसरं गेट

चर्चा छान झाली. आता कामाचं : ठेक्यावरच्या माणसाला स्वतःचं बरोबर चाललंय की नाही हे कसं कळणार? आणि मागायचं कुणाकडे?

हिशेबनीस

क्रमाने सांगतो.

मोबाइल नंबर यूएएनला जोडलेला आहे का ते आधी बघा. ठेकेदार बऱ्याचदा स्वतःचाच नंबर टाकतो, मग पासबुक कधी दिसतच नाही. जोडलेला असेल तर पासबुकात दर महिन्याला दोन हिस्से दिसायला हवेत. त्यावरून मूळ पगार काढता येतो : तुमचा हिस्सा भागिले ०.१२. तो आकडा १४,००० ऐवजी ८,००० निघाला तर दिवस कमी दाखवलेत.

हजेरी स्वतःच्या वहीत लिहा, तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. गेटच्या रजिस्टरचा किंवा पंचिंगचा फोटो मिळाला तर उत्तम. पगार बँकेत येत असेल तर ते स्टेटमेंट हाच सगळ्यात मोठा पुरावा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. नेमणूक पत्र प्रत्येकाला द्यायचं. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षावर ग्रॅच्युइटी, पाच वर्षं थांबायची गरज नाही. आणि वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत, आधी किमान वेतनाच्या दाव्याला सहाच महिने होते. चौथी गोष्ट उलटी आहे : कंत्राटी कामगारांच्या तरतुदी आधी २० माणसांपासून लागायच्या, आता ५० पासून. त्यामुळे ४९-४९ माणसांचे ठेके पाडले जाणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

लॅडल

मालकांसाठी एक ओळ घाला. ठेकेदार पळाला तर काय?

हिशेबनीस

ठेकेदाराने पगार थकवला तर तो मुख्य मालकाने द्यायचा, हे १९७० च्या कायद्यातही होतं, आताही आहे. तेव्हा ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी मागच्या महिन्याचं पीएफ चलन आणि त्याच्यासोबतची नावांची यादी मागा. नुसतं चलन घेऊ नका, एकच चलन चार कंपन्यांना दाखवतात. यादीतली नावं तुमच्या गेट रजिस्टरशी लावून बघा. गेटवर ३२ आणि यादीत १९ असतील तर बिल रोखा. उरलेल्या तेरा जणांचे पैसे तुमच्या अंगावर येणार आहेत.